रात्री दीड वाजता बी विंगमध्ये काय चालतं?

नाव कुणाचं घेणार नाही. गरजच नाही, घरोघरी हेच चाललंय. आमच्या सोसायटीच्या बी विंगमध्ये रात्री दीड-दोनपर्यंत तीन खिडक्यांतले दिवे जळतात, असं वॉचमनने चेअरमनच्या कानावर घातलं. चेअरमनना जी शंका यायची ती आली आणि त्यांनी विषय थेट कमिटीत नेला. चौकशी झाली. निघालं ते शंकेपेक्षा वाईट. पहिल्या खिडकीत बँकेतून निवृत्त झालेले एक सद्गृहस्थ कलर ग्रेडिंग करत होते. दुसरीत नुकतीच सासू झालेली एक बाई लेकाच्या हळदीचे शॉट ढोलकीच्या ठेक्यावर कापत बसली होती. तिसरीत बारावीचा मुलगा. आईला वाटत होतं, पोरगं रात्र रात्र अभ्यास करतंय. पोरगं कुठल्याशा भाऊंच्या वाढदिवसाचा स्टेटस बनवत होतं आणि वर त्याचे पाचशे रुपये घेत होतं. म्हणजे तिघांत कमावता तेवढा एकच!

एडिटिंग म्हणे. पूर्वी लोक पत्ते कुटायचे, निदान चार माणसांत बसायचे तरी. या व्यसनात माणूस कानाला हेडफोन लावून तीन सेकंदांच्या एकाच तुकड्याकडे अर्धा तास टक लावून बघतो, आणि हाक मारली तर ‘रेंडर लावलाय’ म्हणतो. रेंडर लावलाय म्हणून गिरणीत जायचं नाही, रेंडर लावलाय म्हणून पाहुण्यांसमोर यायचं नाही, आणि लॅपटॉपला तर कुणी हातच लावायचा नाही. एका घरी कामाच्या मावशींनी टेबल पुसताना लॅपटॉपचं झाकण मिटलं. मिटलेला लॅपटॉप झोपी जातो, दुसरं काय होणार? एक्स्पोर्ट ब्याण्णव टक्क्यांवर लटकला आणि सकाळी साहेबांनी जो तमाशा केला तो सी विंगपर्यंत ऐकू आला. अहो, विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये ‘झाकण मिटल्यावर काही करू नको’ असा सरळ पर्याय असतो. तो निवडायचा आणि चार्जर लावून ठेवायचा, कारण बॅटरीवर बहुतेक लॅपटॉप आपला वेग आवरूनच चालतात. ते केलं नाही आणि बोलणी खाल्ली मावशींनी.

सगळा दोष मोबाइलच्या माथी मारून मोकळं व्हावं, तर तेही जमत नाही. १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ आला, तेव्हा दादरला दादासाहेब फाळक्यांच्या घरी त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई अख्ख्या युनिटचा स्वयंपाक सांभाळून कोऱ्या फिल्मला भोकं पाडणं आणि ती रसायनांत धुणं ही कामंही करायच्या. तेव्हा सिनेमा घरात शिरला तो आजचा नाही. मधल्या काळात आपण जरा सभ्यपणे वागलो. लग्नाचा व्हिडिओवाला यायचा, डोळे दिपवणारा हॅलोजन लावायचा आणि नंतर स्टुडिओत ‘मिक्सिंग’ करून द्यायचा. बदामात नवरा, बदामात नवरी, मागे काश्मीर, आणि नवऱ्याच्या तळहातावर उभी राहिलेली वीतभर नवरी. पण ते पाप निदान बाहेरच्या माणसाकडून करवून घ्यायचो. २००० साली विंडोजबरोबर मूव्ही मेकर फुकट आला आणि पाप घरच्या घरी होऊ लागलं. २०१७ मध्ये मायक्रोसॉफ्टने तो बंद केला खरा, पण तोवर चटक लागली होती. मग जून २०२० मध्ये टिकटॉकवर बंदी आली, जुलैत इन्स्टाग्रामचे रील्स आले, आणि वरणभाताचासुद्धा व्हिडिओ झाला. कॅपकट हे एडिटिंगचं ॲप भारतात रीतसर मिळत नाही, तरी त्याची टेम्पलेटं वापरलेले व्हिडिओ आमच्या ग्रुपवर येतात. कसे, ते विचारू नका. व्हीपीएन म्हणून काही असतं आणि ते भजनी मंडळाच्या खजिनदारबाईंना माहीत आहे, एवढंच सांगते.

तर ते बँकवाले. त्यांना कुणीतरी सांगितलं की हॉलिवूडचे सिनेमे ज्यावर रंगतात ते दा विंची रिझॉल्व्ह नावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. खरंच मिळतं. ब्लॅकमॅजिक या ऑस्ट्रेलियन कंपनीने २००९ साली दा विंची विकत घेतली आणि पुढे त्या सॉफ्टवेअरची जवळजवळ सगळी ताकद असलेली एक आवृत्ती बिनपैशांची वाटायला काढली. फुकट म्हटल्यावर आयुष्यभर व्याज मोजलेला माणूस थांबतो होय? पण लॅपटॉप आठ जीबी रॅमचा, कंपनी मागते सोळा. वर नातवाने फोरकेमध्ये चित्रण केलेलं. दुसऱ्याच शॉटला चित्र अडखळायला लागलं आणि जीपीयूची मेमरी भरल्याची पाटी आली. यांनी जावयाला फोन लावला. जावई म्हणाला, ‘बाबा, नवा लॅपटॉपच घ्या.’ जावयाचं काय जातंय!

खरं म्हणजे प्रोजेक्टच्या सेटिंगमध्ये टाइमलाइन १०८० वर आणली असती तरी निम्मं दुखणं पळालं असतं. उरलेल्यासाठी प्रॉक्सी असतात. मूळ शॉटच्या हलक्या नकला करून घ्यायच्या, कापाकापी नकलांवर करायची, आणि एक्स्पोर्टला मूळ शॉट लावायचे. प्रीमियर नावाच्या सॉफ्टवेअरमध्येही ही सोय आहे, रिझॉल्व्हमध्येही. पण प्रॉक्सी हा शब्द सोसायटीच्या निवडणुकीत बदनाम झालेला असल्यामुळे काकांनी त्या बटणाला हात लावला नाही.

आणि ते ‘सिनेमॅटिक’! सिनेमा चोवीस फ्रेमचा असतो हे कुठूनतरी कानावर पडलं, म्हणून काकांनी प्रोजेक्ट चोवीसचा उघडला. शॉट सगळे तीसचे. सत्यनारायणाच्या पूजेत भटजींचा हात धक्के खात खात पळीपर्यंत जातो. बरं, रिझॉल्व्हमध्ये एकदा शॉट आत घेतले की प्रोजेक्टचा फ्रेम रेट कुलूपबंद. मग नवी टाइमलाइन वेगळ्या सेटिंगने काढावी लागते. जे चित्रण तीसने झालंय ते तीसनेच कापावं, एवढा साधा हिशेब बँकेत तीस वर्षं काढलेल्याला कळू नये? मांडवातल्या सरकत्या काळ्या पट्ट्यांचं पापही असंच. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणून पुष्कळ ट्यूबलाइट आणि स्वस्तातले एलईडी सेकंदाला शंभरदा लुकलुकतात. आपल्याला ते दिसत नाही, कॅमेऱ्याला दिसतं. शटर १/५० किंवा १/१०० वर ठेवलं की पट्टे जातात. नंतर सॉफ्टवेअरमध्ये कितीही घासा, चेहऱ्यावरून काहीतरी सरकतच राहतं.

याहून मोठी बदनामी झाली ती वर्धापनदिनाच्या प्रमुख पाहुण्यांची. भाषण अर्ध्या तासाचं, चित्रण मोबाइलवर. सुरुवातीला ओठ आणि आवाज बरोबर. दहाव्या मिनिटाला ओठ किंचित मागे. शेवटी तर पाहुणे तोंड मिटून बसलेत आणि ‘जय हिंद, जय महाराष्ट्र’ हवेतून ऐकू येतंय. व्हिडिओ ग्रुपवर पडला आणि तासाभरात डी विंगमधून बातमी निघाली की पाहुणे ‘घेऊन’ आले होते. बिचारे निर्व्यसनी गृहस्थ! दोष त्यांचा नव्हताच. फोन ठरलेल्या एका गतीने चित्रण करत नाही. उजेड कमी झाला किंवा फोन तापला की फ्रेमची गती मागेपुढे होते. फोनवर ते नीट दिसतं, पण एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये गेलं की आवाज एकीकडे आणि चित्र दुसरीकडे. हँडब्रेक नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे. त्यातून शॉट आधी ‘कॉन्स्टंट फ्रेम रेट’ करून काढायचा आणि मगच कापायला घ्यायचा. अब्रू वाचते.

आता दुसऱ्या खिडकीतल्या नव्या सासूबाई. यांचं प्रकरण जरा नाजूक आहे. बाई नीटनेटक्या. हळदीचे शॉट डाउनलोडच्या फोल्डरात अस्ताव्यस्त पडलेले त्यांना बघवेनात. एका रात्री उठून त्यांनी सगळे ‘हळद’ नावाच्या फोल्डरात हलवले, जाता जाता त्यांना छान नावंही दिली, आणि समाधानाने झोपल्या. सकाळी प्रोजेक्ट उघडला तर हळदीच्या जागी लालभडक पडदा, वर लिहिलेलं, मीडिया ऑफलाइन. पहिला संशय कुणावर जाणार, सांगा बरं? सून घरात येऊन महिना झालेला, आणि आदल्याच दिवशी ती ‘आई, माझा तो नाचतानाचा शॉट काढा ना’ म्हणाली होती. झालं! दोन दिवस घरात अबोला. मुलगा बिचारा ताटावर बसून दोघींकडे आळीपाळीने बघतोय.

अहो, प्रोजेक्टची फाइल म्हणजे वाण्याची यादी, किराणा नव्हे. कुठल्या डब्यातून काय आणि किती घ्यायचं एवढंच तिच्यात लिहिलेलं असतं. डबे हलवले की यादीला सामान सापडत नाही. लाल पडदा दिसला म्हणजे शॉट मेला असं नाही. क्लिपवर उजवं बटण दाबून ‘रीलिंक’ किंवा ‘लिंक मीडिया’ करायचं आणि नवा फोल्डर दाखवायचा. मात्र बाईंनी नावंही बदलली होती, त्यामुळे एकेक क्लिप ओळखून जोडत बसावं लागलं, आणि ते काम शेवटी सुनेनेच केलं. तिच्या नाचाचा शॉट त्यात पुन्हा सापडला नाही म्हणतात. मी तर म्हणते, बरोबर केलं. दुसरं एक घर याहून पुढचं निघालं. त्यांनी दोन एमबीची प्रोजेक्ट फाइल डोंबिवलीच्या भाच्याला ईमेल केली, ‘सगळं पाठवलंय’ म्हणाले आणि जागा होत नाही म्हणून फोनमधले मूळ व्हिडिओ पुसून टाकले. भाच्याच्या स्क्रीनवर अख्खी मुंज लाल. ते मात्र आता कुणी जोडून देऊ शकत नाही.

पण मला खरा संताप येतो तो अक्षरांचा. लग्नाच्या व्हिडिओची पहिली पाटी बघा. ‘शुभविवाह’मधली वेलांटी ज्या अक्षराच्या आधी उभी राहायची त्याच्या नंतर जाऊन उभी, तीही एका ठिपक्यांच्या गोलाला टेकून. ‘वर्धापनदिन’ लिहिलं तर रफार डोक्यावर चढतच नाही, र पाय मोडून ध च्या शेजारी बसतो. ‘श्री’चा तर श वेगळा, र वेगळा, आणि वेलांटी कुठे भटकतेय कोण जाणे. एका लग्नात आजोबांनी पडद्यावर हे वाचलं आणि मोठ्याने विचारलं, ‘कुणाच्या लग्नाला आलोय आपण?’ आणि गंमत म्हणजे व्हिडिओत लेन्स फ्लेअर होता, तीन कॅमेरे होते, ड्रोन होता. फक्त नवरा-नवरीचं नाव धड नव्हतं.

कारण साधं आहे. देवनागरीत अक्षरं एकापुढे एक ठेवून भागत नाही, ती जुळवावी लागतात, आणि पुष्कळ सॉफ्टवेअर मुळात इंग्रजीच्या हिशेबाने बांधलेली. प्रीमियरच्या ज्या आवृत्त्यांत अक्षरं तुटतात, त्यांच्या प्रेफरन्सेसमध्ये ग्राफिक्सखाली टेक्स्ट इंजिनचा पर्याय असतो. तिथे ‘साउथ एशियन अँड मिडल ईस्टर्न’ निवडायचं आणि पाटी नव्याने लिहायची. दुसरा घोळ जुन्या फॉन्टचा. स्टुडिओवाल्यांचा जीव अजून श्रीलिपी नाहीतर शिवाजीत अडकलेला आहे. ती अक्षरं सुंदर आहेत, वाद नाही, पण ती युनिकोड नव्हेत. व्हॉट्सॲपवर आलेलं नाव त्यात चिकटवलं की चौकोन उमटतात किंवा भलतीच लिपी, आणि त्यात टाइप केलेली पाटी फॉन्ट नसलेल्या संगणकावर उघडली की इंग्रजी अक्षरांचा रांगोळीसारखा सडा. म्हणून युनिकोड फॉन्टच धरावा. मुंबईच्या ‘एक टाइप’ने केलेले मुक्ता आणि बलू हे फॉन्ट गूगलवर फुकट आहेत. त्यांचाच मोदक नावाचा एक गुबगुबीत फॉन्ट आहे, तो गणपतीच्या व्हिडिओला शोभतो. कुणी लग्नपत्रिकेला वापरला तर मात्र मी बोलणार. आणि सॉफ्टवेअर काही केल्या ऐकतच नसेल, तर पाटी दुसरीकडे नीट लिहून पारदर्शक पीएनजी करून आत आणावी. चोरटा मार्ग आहे, पण चालतो. आणि एक्स्पोर्टच्या आधी घरातल्या सगळ्यात खवचट माणसाला ती पाटी वाचायला द्यावी.

तिसरी खिडकी. भाऊंचा वाढदिवस. भाऊ कुठले, कशाचे, ते विचारायचं नसतं. गाडीतून उतरतात, गॉगल सावरतात, कार्यकर्ते खांद्यावरून वाकून बघतात, आणि दर ठेक्याला चित्र थरथरतं. त्याला शेक इफेक्ट म्हणतात. अलाइट मोशन नावाच्या ॲपमध्ये कुणीतरी केलेला प्रीसेट मिळतो, फोटो बदलायचे की झालं. तेच प्रीसेट, तोच ठेका. त्यामुळे नगरचे भाऊ आणि नांदेडचे भाऊ सारख्याच वेळी सारखंच वळतात. पोराला त्यात भाऊंचं उतरणं अगदी संथ हवं होतं. चित्रण तीस फ्रेमचं, वेग केला वीस टक्के, आणि मधल्या फ्रेम सॉफ्टवेअरने मनाने रचाव्यात म्हणून ऑप्टिकल फ्लो लावला. रचल्या! हारातला झेंडू हनुवटीत विरघळला, मागच्या कार्यकर्त्याच्या हाताला सहावं बोट फुटलं आणि गॉगलची दांडी काही क्षण कानातून आरपार गेली. संथ गती हवी असेल तर शूटिंगच्याच वेळी ६० किंवा १२० फ्रेम ठेवायच्या असतात, नंतर नवस बोलून मिळत नाहीत. त्यावर एलयूटी, म्हणजे रंगांचा तयार साचा, चढवला. तो बनवलेला असतो कॅमेऱ्याच्या फिकट लॉग चित्रणासाठी, आणि चढवला फोनच्या आधीच भडक शॉटवर. भाऊ नारिंगी, सावल्या काळ्याठिक्कर, आभाळ हिरवट निळं. भाऊंना मात्र फार आवडलं. पोराला आणखी दोन भाऊ मिळाले आहेत. बारावीचं काय होणार ते त्याच्या आईलाच ठाऊक, आणि तिलाही अजून ठाऊक नाही.

उभ्या व्हिडिओला वर-खाली काळ्या पट्ट्या लावून तो ‘सिनेमॅटिक’ झाला म्हणणाऱ्यांबद्दल मी काही बोलत नाही.

गाण्यांची वेगळीच कथा. यूट्यूबवर घरच्या गणपतीचा व्हिडिओ टाकला आणि कॉन्टेंट आयडीचा दावा आला. घरात हलकल्लोळ. ‘आरतीवर कुणाचा हक्क असतो का? काय दिवस आलेत!’ आरती परंपरेची असेल हो, पण मागे जी वाजत होती ती कुणीतरी गाऊन ध्वनिमुद्रित केलेली होती, आणि त्या मुद्रणावर हक्क असतो. दावा आणि स्ट्राइक यांत फरक आहे. दाव्यात बहुतेक वेळा जाहिरातीचे पैसे हक्कदाराला जातात किंवा व्हिडिओ काही ठिकाणी दिसेनासा होतो. स्ट्राइक मात्र नव्वद दिवसांत तीन झाले तर चॅनेल जाऊ शकतं. घरच्या माणसांनी टाळ्या-झांजांवर म्हटलेलीच आरती ठेवा की. बेसूर असली तरी स्वतःची. फक्त फोन ढोल-ताशाच्या तोंडाशी नेऊ नका. मुद्रण होतानाच आवाज फाटला, तर तो शिवून देणारा शिंपी कुठल्याच सॉफ्टवेअरमध्ये बसलेला नाही.

आता कुजबुज अशी की बी विंगमध्येच कुणीतरी महागडं सॉफ्टवेअर ‘क्रॅक’ करून घेतलंय. दाराला लॅच, आत कडी, वर सीसीटीव्ही, आणि संगणकावर मात्र पहिली पायरी कोणती, तर ‘अँटीव्हायरस बंद करा’. केला! रिझॉल्व्ह आहे, केडेनलाइव्ह आहे, शॉटकट आहे, सगळी राजरोस फुकट. पण चोरून खाल्ल्याची चव काही और. फुकट ॲप घेताना एकच बघायचं, की एक्स्पोर्टवर ते आपला शिक्का मारतं का. एका घरच्या श्रद्धांजलीच्या व्हिडिओत कै. आजोबांच्या फोटोवर कोपऱ्यात ॲपचं नाव उड्या मारत होतं आणि शेवटी ॲपच्याच पदरचे फटाके फुटले. तेराव्याला. समोर गुरुजी बसलेले.

पण हे सगळं परवडलं. खरी भानगड वेगळीच आहे आणि तिच्याबद्दल कुणी बोलत नाही. सॉफ्टवेअर सगळ्यांकडे आहे, कात्री कुणाकडे नाही. मुंजीचा व्हिडिओ एक तास बावन्न मिनिटांचा. का? तर कुणालाच काढायचं नाही. वॉल्टर मर्च नावाचे हॉलिवूडचे बडे एडिटर आहेत, उभ्याने काम करतात. कट कुठे मारावा याचा त्यांनी एका पुस्तकात हिशेब मांडलाय आणि त्यातले ५१ टक्के भावनेला दिलेत. कथा, लय, बाकीचं सगळं त्यानंतर. आमच्याकडे हे ५१ टक्के मानपानाला जातात. आमच्यातल्या एका आत्याबाईंनी मोबाइलवर सेकंद मोजून ठरवलं की त्या चार सेकंद दिसतात आणि मुलाच्या मावशी अकरा. चाराचे अकरा होईपर्यंत त्यांनी फोन उचलला नाही. एडिटर शेवटी भाचाच होता, काय करणार? त्याने त्यांचा तोच शॉट तीन वेळा लावला. आता आत्याबाई एकाच अक्षता तीनदा टाकतात.

पुण्याला प्रभात स्टुडिओच्या जागेत १९६० साली फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली. तिथे मुलं स्टीनबेकच्या टेबलावर कापायला शिकायची. फिल्मची पट्टी हाताने ओढायची, स्प्लायसरने कापायची, चिकटपट्टीने जोडायची, उरलेले तुकडे खुंट्यांवर टांगून ठेवायचे. एक कट चुकला तर पुन्हा उकलायचा. हात चालवण्याआधी डोकं चालवावंच लागायचं. रेणू सलुजा तिथूनच बाहेर पडल्या आणि ‘परिंदा’च्या संकलनासाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. आता कंट्रोल झेड आहे, त्यामुळे कुणी विचार करत नाही, आणि एवढी सोय असूनही कापत नाही ते नाहीच!

मुंज असली म्हणून काय झालं? बटूला उचलून आणताना दारापासून दाखवू नका, मांडवात आल्यावर दाखवा. कुणी हात हलवत असेल तर हात हलत असतानाच पुढच्या शॉटवर जा, कट जाणवत नाही. मंगलाष्टकांचा आवाज आधी सुरू करा, चित्र दोन सेकंदांनी आणा, बघणारा आपोआप पुढे खेचला जातो. जेवणाच्या पंगतीचे चाळीस शॉट असतील तर सहा ठेवा, आणि त्यांत तोंडात घास असलेलं कुणी नको. एवढं करा, तास बावन्नची अठरा मिनिटं होतात. मी हे करून दाखवते म्हटलं, तर घरातून उत्तर आलं, ‘अठरा मिनिटांच्या व्हिडिओसाठी हॉलचं भाडं दिलं होतं का?’

त्यात आणखी एक विनोद. टाइमलाइनच्या टोकाला कुठेतरी लांब एखादी एवढीशी क्लिप चुकून पडून राहते. कुणाचा तरी खोकला, नाहीतर गाण्याचा तुकडा. मग ‘समाप्त’नंतर चाळीस मिनिटं काळोख. एक्स्पोर्टच्या आधी सुरुवात आणि शेवटाच्या खुणा लावायच्या असतात, म्हणजे तेवढाच भाग निघतो. ते झालं नाही, आणि सी विंगमधल्या एका काकांनी तो काळोख पूर्ण पाहिला. त्यांना वाटलं, पंगत राहिलीय अजून.

एवढं होऊन फाइल तयार झाली की पेन ड्राइव्हवर जात नाही. ड्राइव्हवर बत्तीस जीबी रिकामे, फाइल सहा जीबीची, तरी मशीन म्हणतं जागा नाही. दुकानदाराशी भांडणं झाली आहेत यावरून! ड्राइव्ह एफएटी३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला असतो, त्यात चार जीबीपेक्षा मोठी एक फाइल मावतच नाही. आतलं सामान दुसरीकडे काढून ठेवायचं आणि एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करायचा. जुन्या टीव्हीला एक्सफॅट कळत नसेल तर फाइलच चारच्या आत काढायची, एमपी४, एच २६४ मध्ये. व्हॉट्सॲपवर व्हिडिओ म्हणून पाठवला की तो पिळून काढतात आणि नवरीच्या शालूचा नुसता लाल चिखल होतो. म्हणून डॉक्युमेंट म्हणून पाठवावा, दोन जीबीपर्यंत जातो.

गेल्या रविवारी मुंजीचा तो व्हिडिओ गेला एकदाचा. आत्याबाईंनी पाहिला, पूर्ण पाहिला, आणि भाच्याला फोन केला. व्हिडिओ फार सुंदर झालाय म्हणाल्या. फक्त त्यातले त्यांचे तेवढे तुकडे वेगळे काढून, मागे सनई लावून, उभ्या स्टेटसला बसेल असं करून दे, आणि मावशी कुठे दिसत असतील तर तिथे जरा ब्लर कर.